पिरानेसीने कोरलेली रोमन थडग्यांची चित्रं वास्तूची नोंद म्हणून खरी मानावीत का?

पिरानेसी हा अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार; तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती छापायचा. तुम्ही विचारलंय की त्याच्या चित्रांत थडगी इतकी अवाढव्य दिसतात, तर त्यांवर विसंबायचं कसं? माझं मत असं की दृश्यचित्रांतल्या आकारावर विसंबू नका. तिथे तो माणसं मुंगीएवढी काढतो, त्यामुळे भिंत डोंगरासारखी भासते. पण १७५६ मध्ये त्याने ‘ले अँतिकिता रोमाने’ (रोमचे प्राचीन अवशेष) या ग्रंथाचे चार खंड काढले. त्यांतले मधले दोन प्रामुख्याने थडग्यांवर आहेत, आणि तिथे जो भेटतो तो वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला माणूस.

रोमजवळच्या आप्पिया या प्राचीन रस्त्यावरचं सेसिलिया मेटेला या रोमन स्त्रीचं थडगं घ्या. चौकोनी जोत्यावर सुमारे २९ मीटर व्यासाचा गोल बुरूज, वर बैलांच्या कवट्या आणि फुलमाळांची पट्टी. त्या कवट्यांवरूनच लोक त्याला ‘कापो दि बोवे’, म्हणजे बैलाचं डोकं, म्हणायचे. या थडग्याचे प्रचंड दगड वर चढवले कसे, यावर पिरानेसीने एक अख्खं चित्र खर्च केलंय. माझं सगळ्यांत आवडतं चित्र ते. दगडाच्या माथ्यावर खाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. तिच्यात आधी दोन तिरक्या लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, मग मधोमध सरळ पट्टी ठोकायची आणि वरून कडी अडकवायची. दोर ओढला की पट्ट्या खाचेत आणखी घट्ट बसतात; दगडाचं वजनच त्याला धरून ठेवतं. बांधून झालेल्या भिंतीत हे काहीच दिसत नाही. ते समजायला दगड उघडा पाहावा लागतो आणि गवंड्यासारखा विचार करावा लागतो.

मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर काम करते, म्हणून एक सांगते. पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईने रेघ ओढली की तिथलं उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं, आणि छापताना सगळं उलटं येतं. अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी लिहावी लागतात. पिरानेसी तोच पत्रा पुन्हा पुन्हा आम्लात घालायचा. सांध्यांतला तो गडद काळोख त्यातून आलाय. एवढं करून तो भागाभागाला अक्षरं देतो आणि खाली प्रत्येकाचा खुलासा लिहितो.

तेव्हा चित्र मोठं करून आधी ती अक्षरं शोधा. ज्या चित्रात ती दगडांवर, खाचांवर, अवजारांवर आहेत, ते मी बिनधास्त नोंद म्हणून वापरते.