तुर्कतंतू नव्हे, तर्कुतंतू

विट्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे : मुलगा दहावीला आहे, पेशी 'फुटते' म्हणावं की 'विभागते'? आणि पेशीविभाजनात हे 'तुर्कतंतू' कुठून आले?

फुटतो तो फुगा. फुटलेली पेशी मेली. विभागलेलीच्या दोन होतात. तेव्हा 'विभागते'.

पण 'तुर्कतंतू'! साताऱ्यात क्लासच्या वह्यांमध्ये हा शब्द पाहून पाहून डोळे शिणले. 'परीक्षेत चालतं' म्हणे. तुर्कांचा इथे काडीचा संबंध नाही. शब्द आहे तर्कुतंतू. संस्कृतात तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. मर्कटाचं माकड होताना 'र्क'चा 'क्क' झाला, तसाच तो इथेही झाला आणि तर्कूची टकळी झाली, हिंदीत तकली. आम्हाला शाळेत मूलोद्योगाच्या तासाला कापसाचा पेळू आणि टकळी मिळायची. चिमटीने गिरकी दिली की टकळी गरगरत खाली उतरायची, पेळूतून धागा निघायचा. सूत गुंडाळत गेलं की तिचं पोट फुगायचं, टोक निमुळतंच राहायचं. विभागणाऱ्या पेशीत तंतूंचा हाच आकार दिसतो, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता.

'तोंडाची टकळी'सुद्धा हीच. माझे एक व्युत्पत्तिप्रेमी मित्र ती 'टकटक'वरून काढतात. मला हे साफ अमान्य आहे. टकटक थांबत थांबत होते. बडबड्या माणसाचं तोंड टकळीसारखं अखंड फिरतं आणि त्यातून सूत निघतच राहतं.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी 1882 साली या विभाजनाला 'मायटोसिस' नाव दिलं तेही ग्रीक 'मितोस', म्हणजे धागा, यावरून. आपलं 'सूत्री विभाजन' म्हणूनच चपखल आहे. माणसाच्या पेशीतली 46 गुणसूत्रं आधी दुप्पट होतात, मधोमध रांगेत येतात आणि तर्कुतंतू एकेक प्रत दोन्ही टोकांकडे ओढतात. दोन्ही नव्या पेशींना 46 मिळतात. जखम भरते, कातडी नवी येते ती याच कामामुळे. हे तंतूच तयार झाले नाहीत तर विभाजन अडतं. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिनक्रिस्टिन हे औषध नेमकं तेच करतं, म्हणून बेसुमार विभागणाऱ्या पेशींना अडवायला ते रक्ताच्या कर्करोगात देतात.

ताई, मुलाच्या वहीतला तो 'तु' खोडून 'त' करा, आणि 'र्क'ला उकार द्यायला विसरू नका.