स्लो कुकरमध्ये पालेभाज्या होतात का? होतात, पण पाला शेवटी आणि देठ आधी

तुमचा प्रश्न वाचला. मुलीने स्लो कुकर दिलाय, घर गुहागरकडे, परसात अळू माठ मायाळू सगळं आहे, पण पालक सहा तास लोवर ठेवला तर काळपट लगदा झाला आणि अळू केलं ते घशाला खाजलं, तर यात पालेभाज्या करायच्या की नाही असं तुम्ही विचारलंय. करायच्या, नक्की करायच्या, पण सगळ्या नाहीत, आणि ज्या करायच्या त्याही पाला एकदम टाकून झाकण लावून मोकळं व्हायचं अशा नाहीत. मी मालवणकडची, आमच्याकडे पावसाळ्यात रोजच्या जेवणात काही ना काही पाला असतोच आणि स्लो कुकरही बऱ्याच वर्षांपासून घरात आहे, त्यामुळे जमेल तेवढं सविस्तर लिहिते.

आधी हे विजेवरचं, मंद आचेचं भांडं करतं काय ते बघा. लो आणि हाय या दोन्हीत बहुतेक मॉडेलमध्ये आतलं पाणी शेवटी उकळीच्या जरा खाली किंवा उकळीला टेकून राहतं, फरक असतो तो तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो याचा. म्हणजे यात फोडणी होत नाही, परतणं होत नाही, वाफ बाहेर जात नाही म्हणून पाणी आटत नाही. आपल्या चुलीला वैल असायचा ना, मोठ्या जाळावर एक भांडं आणि वैलावर दुसरं नुसतं रटरटत ठेवलेलं, तसं हे वैलावरचं भांडं आहे. वैलावर कोणी टाकळ्याची भाजी परतायला घेत नसे, तिथे डाळ, कुळीथ, वाल असलंच काहीतरी असायचं. हे यंत्र निघालंही कडधान्यासाठीच. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं, त्याच्या आईने सांगितलेला लिथुआनियातल्या ज्यू घरांचा चोलंट हा पदार्थ त्याच्या डोक्यात होता, शुक्रवारी संध्याकाळी घेवड्यासारखी कडधान्यं, बार्ली, बटाटा, मांस असं भांड्यात भरून बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी काढून खायचं. पुढे १९७१ पासून ते क्रॉक पॉट या नावाने विकायला आलं. यात कुठेही पालक नाही बघा.

मग नेटवर सहा सहा तासांच्या पाल्याच्या रेसिपी येतात त्या कुठून? त्या बहुतेक अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कोलार्ड ग्रीन्सच्या असतात, नाहीतर केलच्या. ही दोन्ही कोबीच्या जातीची जाड चिवट पानं, त्यात धुरावलेलं डुकराचं मांस घालून तासन्‌तास शिजवतात आणि ती खरंच छान लागतात. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळचं म्हणजे नवलकोलाचा पाला, तोही कोबीच्याच जातीचा. तो किंवा फ्लॉवरची बाहेरची कोवळी पानं असतील तर चिरून थोड्या पाण्यात हायवर तीनेक तास ठेवा, चांगलीच होतात. पण तीच वेळ पालकाला, लाल माठाच्या कोवळ्या पानांना किंवा शेवग्याच्या पाल्याला लावली तर त्यांचं काही राहत नाही.

रंग का जातो तेही सांगते, कारण एकदा ते कळलं की कुठली भाजी कुठे करायची हे आपोआप कळतं. पानातल्या हिरव्या रंगात मधोमध मॅग्नेशियम असतं. पान तापलं की त्याच्यातलीच आम्लं सुटी होतात आणि ते मॅग्नेशियम निघून जातं, मग हिरवा जाऊन शेवाळी खाकी रंग येतो. उघड्या कढईत थोडी आम्लं वाफेबरोबर उडून जातात आणि मुळात भाजी पाच सात मिनिटांत उतरते, म्हणून आपल्याकडे पालेभाजीवर झाकण ठेवू नये असं म्हणतात ते अगदी बरोबर आहे. स्लो कुकरमध्ये झाकण कायम, वेळ लांब, दोन्ही गोष्टी उलट. शिवाय सी जीवनसत्त्व आणि फोलेट हे दोन्ही लांब शिजवण्यात जातात, आणि पालेभाजी आपण खातो ती बरीचशी त्यासाठीच ना. कोणी चिमूटभर सोडा घालायला सांगेल, रंग राहतोही, पण जीवनसत्त्वं अजून जातात आणि पान बुळबुळीत होतं, मी तरी घालत नाही.

तर माझं म्हणणं असं की टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवग्याचा पाला, कोवळा माठ या सगळ्या कढईच्याच भाज्या, त्यांना कुकर दाखवूच नका. कांदा मिरची परतायची, पाला टाकायचा, वरून ओलं खोबरं, संपलं. भारंगी उकडून पिळायची असते तर ते उकडणं गॅसवर दहा मिनिटांत होतं. शेवळं तर चुकूनही नको, त्याची खाज काढायला काकडं (ही रानातली आंबट फळं) आणि बरीच खटपट लागते, ते काम मंद आचेवर सोडून देण्यासारखं नाही. पण त्याच ताटातल्या दुसऱ्या पदार्थासाठी कुकर जरूर वापरा. आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या असतात, तेव्हा रात्री भिजवलेले काळे वाटाणे सकाळी गॅसवर दहा पंधरा मिनिटं खळखळून उकळून मग कुकरमध्ये टाकले की दुपारपर्यंत सालासकट मऊ होतात, फुटत नाहीत, आणि तुम्ही मोकळ्या हाताने पाला निवडत बसू शकता, ज्याला खरा वेळ लागतो. (राजमा असेल तर हे आधी उकळणं सोडूच नका, नीट न उकळलेल्या राजम्याने चांगलाच त्रास होतो आणि नुसत्या स्लो कुकरच्या आचेवर त्यातला तो दोष जाईलच याची खात्री नसते.)

आता कुकरमध्ये काय उत्तम होतं, तर देठ. माठाचे जाड देठ, अळूचे देठ, जून मायाळूच्या कांड्या. बोटभर तुकडे करायचे, माठाच्या देठांची वरची दोरी सोलायची, खाली भिजवलेले कडवे वाल नाहीतर फणसाच्या आठळ्या सोलून, उकळतं पाणी घालायचं ते वरपर्यंत नाही, जिन्नस जेमतेम बुडेल एवढंच, कारण देठ स्वतःचं पाणी सोडतात आणि ते आटणार नाही. वालांना गॅसवर आधी एक सणसणीत उकळी द्या म्हणजे कुकरचा वेळही वाचतो. हायवर तीन साडेतीन तासांत देठ असा होतो की चोखून खायचा, आतला गर तोंडात येतो आणि चोथा बाजूला. गॅसवर हे करताना एकतर देठ कच्चट राहतो नाहीतर वाल विरघळतात. पानं? माठ मायाळूची बाजूला ठेवलेली असतात, ती शेवटची पंधरा वीस मिनिटं हायवर असताना घालायची, अळूच्या पानांचं पुढे सांगते. झाकण सारखं उघडून बघू नका, प्रत्येक वेळी उघडलं की वीसेक मिनिटांची आच जाते.

अळूबद्दल नीट वाचा, कारण तुमचा घसा तिथेच खाजलाय. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात म्हणून खाज येते. ते पाण्यात विरघळून जात नाहीत, त्याला चांगली उकळी आणि आंबट दोन्ही लागतं. स्लो कुकरमध्ये अळू तासभर तर नुसतं कोमट कोमट होत असतं, आणि त्यात आपण डाळ शिजावी म्हणून आंबट घातलेलं नसतं. कारण आंबट आधी पडलं की डाळ आणि शेंगदाणे कितीही वेळ ठेवा, मऊ होत नाहीत. म्हणजे अळूला आंबट हवं आणि डाळीला नको, एका भांड्यात दोघांचं पटणार कसं? म्हणून दोन वाटा करायच्या. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, आठळ्या, सोललेले देठ हे आंबटाशिवाय कुकरमध्ये. पानं मात्र हाताला तेल लावून चिरायची आणि गॅसवर चिंचेच्या कोळात किंवा चार आमसुलं टाकून खळखळून वीस मिनिटं उकळायची, अळू खाजरं आहे असं माहीत असेल तर ते पाणी फेकायचं, मग रवीने घोटून कुकरमधल्या डाळीत मिसळायची. गूळ, मीठ, थोडं बेसन पाण्यात कालवून, आणि अजून अर्धा तास. फोडणी वेगळी कढल्यात, वरून. हे फतफतं, म्हणजे अळूची पातळ भाजी, गॅसवरच्यापेक्षा चांगलं होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण शेवटच्या अर्ध्या तासात तळाला लागत नाही आणि डाळ दिसते पण दाताला लागत नाही. गणपतीच्या दिवसात अंबाडे मिळाले तर आमसुलाऐवजी ते ठेचून घाला.

आणि कुकर घेतलाच आहे तर ऋषीची भाजी त्यात करा. ऋषिपंचमीला, म्हणजे गणपती आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात माणसं भरलेली असतात, गॅसच्या सगळ्या शेगड्या मोदक आणि नैवेद्यात अडकलेल्या असतात, आणि ही भाजी मुळातच बिनफोडणीची, बिनतेलाची, कांदा लसूण नसलेली, बैलाच्या कष्टाचं काही न घालता परसातल्या वस्तूंची करायची असते, म्हणजे परतायचं काही नाहीच. सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात आधी उकळून घ्या, त्यालाही खाज असते. मग तळाला सुरण, माठाचे देठ, अळूचे देठ, कणसाचे तुकडे, पेलाभर उकळतं पाणी, हायवर अडीच तास. त्यानंतर लाल भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, अजून तास सव्वा तास. मग वरच्यासारखं उकळून घेतलेलं अळू, माठाची पानं, वाटलेली हिरवी मिरची, आमसूल, मीठ. सगळ्यात शेवटी मूठ दोन मूठ ओलं खोबरं आणि बंद. मीठ आधी घालू नका, भांडं भरलेलं दिसतं म्हणून अंदाजाने घातलं जातं आणि पाला बसल्यावर खारट होतं. सगळ्या भाज्यांचं पाणी एकत्र येऊन जो रस होतो ना तळाशी, तो भातावर घ्या, भाजीपेक्षा त्यालाच मागणी असते आमच्याकडे.

एक गोष्ट कोकणात राहणाऱ्यांनी विसरायची नाही, ती म्हणजे लाइट. पावसात फांदी पडली की गेली, आणि असली तरी व्होल्टेज कमी. या कुकरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, २३० च्या जागी १८० आलं तर २०० वॅटचा कुकर जेमतेम १२० वॅटचा राहतो, म्हणजे रेसिपीत चार तास लिहिलंय म्हणून चार तासांनी उघडाल तर वाल कडकच असणार. म्हणूनही मी सगळं आधी गॅसवर उकळून आणि उकळतं पाणी घालून सुरू करते. लाइट मध्येच गेली तर लगेच गॅसवर घ्या, पण तुम्ही बाहेर होतात आणि अन्न ६० अंशांच्या खाली दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल, किंवा किती वेळ राहिलं ते कळायला मार्गच नसेल, तर जीव तुटला तरी टाकून द्या, आंबट वास आला नाही म्हणून चांगलं आहे असं नसतं. म्हणून पावसाळ्यात रात्रभर लोवर ठेवून झोपू नका, दिवसा घरात असताना लावा.

आणि तुमचा पालक, तो वाया घालवायचा नसेल तर डाळ कुकरमध्ये पूर्ण शिजल्यावर बारीक चिरून घाला, हायवर दहा मिनिटं झाकण ठेवा, बंद करा, फोडणी द्या. तुमचा कुकर किती लिटरचा आहे ते लिहिलं नाहीये. मी दिलेले वेळ साडेतीन लिटरच्या आणि अर्ध्याहून जास्त भरलेल्या भांड्याचे आहेत, मोठ्या भांड्यात थोडीशी भाजी कराल तर लवकर होईल, तेव्हा देठाला सुरी टोचून बघा.