सशाच्या लेंड्या रोज पाहा

ससा नुकताच घरी आणला आहे, तर रोज सकाळी पिंजरा झाडताना त्याच्या लेंड्या पाहण्याची सवय आधी लावून घ्या. त्या गोल, कोरड्या आणि भरपूर असतील तर पोट ठीक आहे. मात्र त्या बारीक होऊ लागल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा ससा दहा-बारा तास काही खाईना, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या, कारण त्याचे आतडे एकदा थंडावले की तो एक-दोन दिवसांतही दगावू शकतो. माझा पहिला ससा मी असाच, ‘सकाळी पाहू’ म्हणत गमावला. आहारात मुख्य भाग वाळलेल्या गवताचाच हवा. त्याने आतडे चालते राहते आणि आयुष्यभर वाढणारे दातही झिजतात. लसूणघासात (अल्फाल्फा या चाऱ्यात) कॅल्शियम फार असल्याने मोठ्या सशाला तो रोज घालू नये, आणि तासगावची द्राक्षे एखाद्या मण्यापुरतीच द्यावीत. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पिंजरा पत्र्याखाली ठेवूच नका. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली की ससा तिला अंग टेकून पडतो. घरातले अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे देऊ नका आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला लावू नका. दोन्ही त्याच्या जिवावर बेततात.