रोज अध्याय म्हणायचा आणि शेजाऱ्यावर अर्जही घालायचा?

प्रश्न : काका, आम्ही बार्देशातले, म्हापशाच्या जवळच गाव. शेजारी ख्रिश्चन, दोन पिढ्यांचं जाणं-येणं, चवथीला आमच्या नेवऱ्या तिकडे आणि नाताळला त्यांचा दोदोल इकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा परदेशातून आला आणि आमच्या जुन्या वाटेवर गेट घालून बसला, आता स्कूटर रस्त्यावरच ठेवावी लागते. मिस्टर म्हणतात मामलेदाराकडे अर्ज घालूया, शिवाय व्हॉट्सअॅप स्टेटसला रोज 'नाठाळाचे माथी हाणू काठी'. मी रोज गीतेचा बारावा अध्याय म्हणते, 'समः शत्रौ च मित्रे च' आलं की जीभ अडखळते. आणि त्याच गीतेत देव अर्जुनाला लढ म्हणतो! मग धरायचं काय?
– एक वाचक

उत्तर : ताई, बाराव्याच्या एक पान मागे जा, अकराव्यात. तेहतिसाव्या श्लोकात देव म्हणतो 'जित्वा शत्रून्', शत्रूंना जिंकून राज्य भोग, आणि तोच अध्याय संपतो कुठे तर पंचावन्नाव्या श्लोकात 'निर्वैरः सर्वभूतेषु'वर. मधे एकवीस श्लोक फक्त. म्हणजे सांगणारा एकच, ऐकणारा एकच, आणि लढ म्हटलेल्यालाच वैर ठेवू नको म्हणतोय. मला तरी यातून एवढंच कळतं की वाट मागणं वेगळं आणि त्या पोराचं वाईट चिंतणं वेगळं, अर्ज घातला म्हणून बारावा अध्याय बाटत नाही.

पण एक विचारतो, रागावू नका. त्या युद्धाच्या आधी कृष्ण स्वतः हस्तिनापूरला शिष्टाईला गेला होता, पाच गावांवर मिटवायची तयारी होती पांडवांची. तुमच्याकडून कोणी गेलंय का तिकडे? पत्रात गेट आहे, स्टेटस आहे, मामलेदार आहे, पण त्या घरी जाऊन बसून बोललात असं कुठेच नाही. पोराशी नसेल जमत तर त्याच्या आईशी बोला, दोदोल तीच पाठवत असणार ना.

मिस्टरांच्या स्टेटसबद्दल. लोक ती अर्धीच ओळ टाकतात, आधीचं 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' कोणी टाकत नाही कारण त्यात आपल्याला काहीतरी सोडावं लागतं! तुकोबांनी काठी म्हटलंय हे खरंच, कंटकांचं निर्दाळण हीसुद्धा दयाच असं ते दुसऱ्या अभंगात म्हणतात, त्यांना उगाच मवाळ करण्यात अर्थ नाही. पण एका गेटासाठी शेजारच्या पोराला कंटक ठरवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

आणि ही ओढाताण फक्त आपल्याकडे नाही हो. शेजाऱ्यांच्या बायबलात येशू वैऱ्यावर प्रीती करा म्हणतो आणि तोच मत्तयच्या दहाव्या अध्यायात म्हणतो मी शांतता नाही, तलवार घेऊन आलोय. (ते पुस्तक आपल्याला परकं समजू नका, फादर स्टीफन्सनी १६१६ साली इथे गोव्यातच त्यातली कथा ख्रिस्तपुराणात मराठी ओव्यांत आणली.) मला बायबलातलं पौल या धर्मप्रचारकाचं एक वाक्य फार आवडतं, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात बाराव्या अध्यायात, की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांततेने राहा. 'शक्य असेल तर' म्हणतोय बघा, समोरच्याचा हिशेब तुमच्यावर टाकलेला नाही. त्याहून जुना, बायबलातलाच मोशेचा नियम तर अगदी आपल्या गावातला वाटतो, वैऱ्याचा चुकलेला बैल दिसला तर त्याच्याकडे नेऊन पोचव. भांडण मिटव असं तिथे म्हटलेलं नाही, बैल मात्र परत कर.

तेव्हा आधी जाऊन बोला, सोबत गावातला दोघांनाही मानणारा एखादा म्हातारा घ्या. नाहीच ऐकलं तर अर्ज घाला, त्यात लाजायचं काय, पण अर्जात वाटेबद्दल लिहा, त्यांच्या सात पिढ्यांबद्दल नको. आणि चवथीला नेवऱ्यांचं ताट नेहमीसारखं जाऊ दे, तारीख पडलेली असली तरी. फक्त ताट निघायच्या आधी मिस्टरांना तो स्टेटस काढायला सांगा, शेजाऱ्यांकडेही व्हॉट्सअॅप आहे.