चंद्राची बाजू 'काळी' की 'अंधारी'?

प्रश्न असा आलाय की पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं नाव मराठीत सांगायचं तर 'चंद्राची काळी बाजू' म्हणायचं की 'पलीकडची बाजू'? माझं मत विचाराल तर दोन्ही नको, 'अंधारातली बाजू' म्हणा.

'काळी' का नको, तर मराठीत काळा हा नुसता रंग राहत नाही, काळा पैसा, काळे धंदे, काळी कृत्यं, सगळं पापाकडेच जातं. आणि या अल्बममधे पाप वगैरे नाहीच्चे. १९७२-७३ मधे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, सगळे शब्द बँडमधल्याच रॉजर वॉटर्सचे, आणि विषय काय तर माणसाचं डोकं फिरवणाऱ्या गोष्टी, हातातून निसटणारा वेळ, पैसा, मरण आणि शेवटी वेड. या सगळ्यामागे सिड बॅरेटची सावली आहे, बँडचा सुरुवातीचा गायक आणि गीतकार, त्याचं मन ढासळत गेलं आणि १९६८ मधे तो बँडमधून बाहेर पडला. शीर्षकाचे शब्द 'ब्रेन डॅमेज' गाण्यात येतात आणि तिथे वेड्याला नावं ठेवलेली नाहीत, उलट आपली गाठ तिकडेच पडेल म्हटलंय.

'पलीकडची' हे शास्त्राला धरून आहे, मान्य. चंद्राची मागची बाजू आपल्याला दिसत नाही एवढंच, ऊन तिथेही पडतं, साधारण दोन आठवडे दिवस नि दोन आठवडे रात्र, आणि आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा तर ती बाजू लख्ख उजेडात असते! म्हणजे हा डार्क उजेड नसलेला नाही, ठाऊक नसलेला. नेमका हाच अर्थ आपल्या अंधारात आहे की, 'मला अंधारात ठेवलं' म्हणताना कोणी दिवे घालवलेले नसतात.

(कोणीतरी 'कृष्णपक्ष' सुचवलंय. कानाला झकास, पक्ष म्हणजे बाजू हेही खरं, पण ऐकणारा पंधरवडाच समजणार.)

एक गोष्ट मात्र मराठीत हातची जातेच. त्याच गाण्यात वेड्यासाठी आलेल्या 'ल्युनॅटिक' शब्दाच्या पोटात लॅटिन लूना म्हणजे चंद्र बसलाय. अमावस्या-पौर्णिमेला वेड उसळतं असं आपणही म्हणतो, पण 'वेडा' शब्दात चंद्र कुठून आणायचा?

आता परीक्षा घेऊ. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत असेल त्याला विचारले होते, त्यात तिथला दारवान जेरी ओ'ड्रिस्कॉलही होता. अल्बमच्या अगदी शेवटी, हृदयाचे ठोके चालू असताना, तो म्हणतो की चंद्राला तशी डार्क बाजू नाहीच, खरं तर सगळंच डार्क आहे. इथे 'सगळंच काळं' घातलं की काहीतरी काळंबेरं असल्यासारखं वाटतं, 'सगळंच पलीकडचं' तर हास्यास्पदच, आणि 'सगळा अंधारच आहे' म्हणून बघा. हेडफोन लावूनच ऐका मात्र, आवाज फार बारीक आहे.