निळा हिरा, किरणांनी रंग चढवलेला: घ्यावा का?

ताई, मुलीच्या साखरपुड्यासाठी तुम्ही निपाणीत पाहिलेल्या अंगठीतला निळा हिरा 'कलर ट्रीटेड' निघाला. तो खोटा आहे का आणि किरण मारलेला खडा अंगाला बाधेल का, असं तुम्ही विचारलंय. बेळगावच्या शहापुरात ३० वर्षं खडे जडवतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

हिरा खराच असतो, फक्त रंग जन्मजात नसतो. इलेक्ट्रॉनचा वेगवान झोत सोडला की हिऱ्यातले काही कार्बनचे अणू जागेवरून उडतात. त्या रिकाम्या जागा तांबडा प्रकाश पिऊन टाकतात, म्हणून खडा निळा-हिरवा दिसतो. पुढं तो तापवला तर याच जागा सरकत नायट्रोजनच्या अणूंशेजारी जाऊन बसतात आणि पिवळा, नारिंगी, कधी गुलाबी रंग येतो. जमिनीतही हे घडतं. जर्मनीतल्या ४१ कॅरटच्या 'ड्रेस्डेन ग्रीन' हिऱ्याचा हिरवा रंग नैसर्गिक किरणोत्सर्गाचाच आहे.

बाधेचं म्हणाल, तर १९०४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी रेडियमच्या क्षारात हिरे ठेवून हिरवे केले होते आणि ते खडे खरोखर किरणोत्सारी राहिले. आजच्या इलेक्ट्रॉनच्या झोतानं तसं होत नाही. मुलीनं निर्धास्त घालावी.

'रंग कायमचा' असं विकणारे सांगतात, ते मात्र अर्धंच खरं, आणि मी ते फार वाईट रीतीनं शिकलो. खानापूरकडच्या एका बाईंची अंगठी दुरुस्तीला आली होती. हिरवट-निळा खडा, तो धरून ठेवणारं एक नख तुटलेलं, बिलावर नुसतं 'डायमंड'. नेहमीप्रमाणं बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून खड्याला लेप दिला, नखाला झाळ लावली, म्हणजे आगीवर सोन्याचा डाक वितळवून ते जोडलं. थंड झाल्यावर धुतलं तर खडा शेवाळी पिवळा! लेपानं हिऱ्याचा पृष्ठभाग जळण्यापासून वाचतो, आतला रंग नाही. सोन्याची झाळ वितळते त्याच सुमाराच्या उष्णतेला त्या रिकाम्या जागा हलू लागतात. बाईंना काय सांगावं ते मला सुचेना. तो खडा किरणांचा आहे हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. विकणाऱ्यानं बिलावर एक शब्द जादा लिहिला असता तर मी आधी खडा काढून मगच झाळ लावली असती.

रंग बदलायची दुसरी पद्धत एचपीएचटी, म्हणजे 'हाय प्रेशर, हाय टेम्परेचर'. २००० अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेच्या ५०-६० हजार पट दाब. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं तपकिरी हिरे असे रंगहीन करून बाजारात आणले तेव्हा जगभरचे जव्हेरी हादरले होते. या रंगाला आमच्या भट्टीची भीती नाही. सगळ्यात कच्चं काम म्हणजे वरून दिलेला पातळ थर. तो पॉलिशला किंवा आम्लात निघतो. पूर्वी तर पिवळसर हिऱ्याच्या कडेला जांभळी शाई लावून तो पांढरा भासवत, स्पिरिटचा बोळा फिरवला की खरा रंग दिसायचा.

'हॉलमार्क आहे ना' म्हणून गप्प बसू नका. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. रंग कसा आला ते नामांकित प्रयोगशाळेच्या अहवालातच कळतं. नुसत्या डोळ्यांनी ते मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. बिल कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, त्यावर 'ट्रीटेड' शब्द लिहून घ्या. भाव त्याच हिशेबानं ठरवा: खाणीतून निळा निघालेला हिरा फार दुर्मिळ, त्याची किंमत या खड्याला देऊ नका. अशा अटीवर मिळत असेल आणि मुलीला रंग आवडला असेल तर जरूर घ्या.

अंगठी बोटाच्या मापाची करायची असेल तर कारागिराला आधीच सांगा, 'खडा किरणांचा आहे, काढून ठेवा आणि मगच झाळ लावा.'