गावातली पोरं अग्निशमन दलाला कशी मदत करू शकतात?

तुम्ही लिहिलंय की गाव अमळनेर तालुक्यात आहे, बंब यायला पाऊण तास लागतो, आणि अमेरिकेत असतात तसं पोरांचं पथक करून त्यांना आग विझवायला पाठवता येईल का.

विझवायला नका पाठवू. बिना शिक्षणाचं, बिना सामानाचं पोरगं धुरात शिरलं की बंबवाल्यांना आगीआधी त्याला शोधावं लागतं. अमेरिकेत आग विझवणारे निम्म्याहून जास्त लोक स्वयंसेवकच आहेत, पण ते रीतसर शिकलेले. शिवाय २००४ साली तिथे 'फायर कोर' म्हणून उपक्रम सुरू झाला, तो आगीत न शिरता मदत करणाऱ्यांसाठी. जवानांना पाणी-जेवण पोचवायचं, सामान जागेवर लावायचं, घरोघरी माहिती द्यायची. आपल्याला उचलायचं तर ते उचलावं.

मी मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणून मला सगळं पाण्याच्या बाजूनं दिसतं. नेहमीच्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. दोन पाइप चालू केले की पाच-सात मिनिटांत टाकी कोरडी.

आमच्या गावाबाहेर खळ्यात कडब्याच्या गंज्या पेटल्या तेव्हा हेच झालं. भर एप्रिल, बाजूलाच पऱ्हाट्यांचा ढीग. रस्त्याला लागून विहीर होती, पाणी साठ फुटांवर. बंबाचा पंप पाणी ओढतो ते वीस-बावीस फुटांवरून. त्याहून खोल गेलं की इंजिन कितीही दांडगं असो, उपयोग नाही. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा आणि तिचा जोर तेवढाच. विहिरीत मोटार होती, पण त्या आठवड्यात शेतीला रात्रपाळीची लाइट. विहीरवाला हात चोळत म्हणाला, "हिरमा पानी शे, पन लाइट नही शे." बंब नऊ किलोमीटरवर पाणी भरायला गेला. परत येईपर्यंत गंज्यांची राख झाली होती.

मग आम्ही एक वही केली. बंब जाईल अशा रस्त्यालगत कोणाची विहीर, कोणाचं बोअर, किती एचपीची मोटार, कोणाकडे जनरेटर, फोन कोणाचा. एक साडेसातची मोटार बंबाची टाकी बारा मिनिटांत भरते, हे घड्याळ लावून पाहिलंय. शेततळं असेल तर सोनंच, तिथे पाणी वरच असतं आणि बंब स्वतःच ओढून घेतो (फक्त प्लास्टिकचा कागद फाटला तर भरून कोण देणार, हे मालकाशी आधीच बोलून ठेवा). अडीच इंची काळ्या पाइपाचं एक वेटोळं ग्रामपंचायतीत ठेवलंय, बंबाच्या टाकीत वरून सोडायला. सबस्टेशनला फोन करायला एकच माणूस नेमलाय: पेटलेल्या जागेची लाइट बंद आणि विहिरीकडची चालू, ही दोन्ही कामं त्याची. दहा जणांनी दहा फोन केले की उलटंच होतं.

एक जण मोटारसायकलवर फाट्यावर उभा राहतो. शिवारातला रस्ता मोबाइलचा नकाशा नीट दाखवत नाही.

गर्दी आवरायला मात्र खमकी माणसं लागतात. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची नुसती अफवा उठली, माणसं रुळावर उतरली आणि समोरून दुसरी गाडी आली. आग नव्हतीच.

आपल्याकडे भावाच्या आशेनं कापूस घरातच भरून ठेवतात. तो पेटला तर बंब गेल्यावरही रात्रभर पहारा ठेवा. वरून विझलेला दिसतो, आत धुमसत असतो. वरचं पाणी आत मुरत नाही. ढीग पसरून कालवावा लागतो, तोही जवानांना विचारून.

ज्यांना रीतसर शिकायचंय त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत 'आपदा मित्र'ची चौकशी करावी. बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. आणि १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो (१९४४ साली १४ एप्रिललाच मुंबई गोदीचा स्फोट झाला होता). त्या आठवड्यात नगरपालिकेच्या दलाला गावात बोलवा. त्यांच्या ड्रायव्हरला वहीतली प्रत्येक जागा फिरवून दाखवा आणि पाइप खरंच पोचतो का ते पाहा.

वही दरवर्षी मार्चमध्ये तपासावी लागते. यंदा तपासली तेव्हा दोन विहिरी आटलेल्या निघाल्या, आणि ती साडेसातची मोटार वीस दिवसांपासून माझ्याच दुकानात जळून पडलेली होती.